हेवीवेट लढतीचा अंदाज कसा बांधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी हेवीवेट लढत जाहीर झाली की पुण्यातल्या आमच्या बॉक्सिंगप्रेमींच्या गटात अंदाजांची वही उघडते. त्यात पैसे नाहीत, बक्षीसही नाही. पहिली घंटा वाजायच्या आत प्रत्येकाने आपला अंदाज आकड्यांत लिहून द्यायचा आणि निकालानंतर त्याचा हिशेब करायचा, एवढंच. नवे लोक दर वेळी साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. या खेळावर माझा फार जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

नुसतं जिंकणाऱ्याचं नाव लिहिलं तर चालेल का?

नाही. नाव लिहायला विचार करावा लागत नाही. आवडता बॉक्सर असतो, त्याचं नाव लिहून आपण मोकळे होतो. आमच्या वहीत पाच रकाने आहेत: पहिला नॉकआउटने, पहिला गुणांवर, दुसरा नॉकआउटने, दुसरा गुणांवर, आणि बरोबरी. पाचही रकान्यांत टक्के भरायचे, बेरीज १०० आली पाहिजे. समजा तुम्ही अनुक्रमे २५, ३५, २८, १० आणि २ लिहिलेत. याचा अर्थ पहिला जिंकेल असं तुम्हाला ६० टक्के वाटतं, पण दुसरा जिंकलाच तर तो बहुधा ठोशावर जिंकेल, गुणांवर नव्हे. आता तुमच्या मनात लढतीचं चित्र आहे.

मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असतो. कोण जिंकेल हे विचारायच्या आधी, प्रत्येकाला जिंकण्याची वाट कुठली आहे ते लिहा. ‘हा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारत लांब राहील आणि आठव्या फेरीपर्यंत समोरच्याचे पाय जड होतील’ असं एक वाक्य लिहिता आलं की टक्के आपोआप सुचतात. ते वाक्य लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे अजून अंदाज नाही, फक्त आवड आहे.

दोघांचे रेकॉर्ड समोर असतात. त्यावरून कळत नाही का?

रेकॉर्ड बघायचाच, पण त्यातली नावं बघायला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये समोर कोण उभा राहणार हे प्रमोटर आणि मॅनेजर ठरवतात. होतकरू बॉक्सर असेल तर सुरुवातीच्या काळात हरण्याची भीती नसलेलीच माणसं त्याच्यासमोर आणतात. त्यामुळे २० पैकी २० विजय हा आकडा एकटा काहीच बोलत नाही.

डिऑन्टे वाइल्डर १ डिसेंबर २०१८ला टायसन फ्युरीसमोर उतरला तेव्हा त्याच्या नावावर ४० लढतींत ४० विजय होते, त्यातले ३९ नॉकआउट. त्या रात्री त्याने फ्युरीला नवव्या आणि बाराव्या फेरीत पाडलं. फ्युरी दोन्ही वेळा उठला आणि लढत बरोबरीत सुटली. पुढच्या दोन्ही लढतींत फ्युरीनेच वाइल्डरला हरवलं, २०२०मध्ये सातव्या फेरीत आणि २०२१मध्ये अकराव्या. ३९ नॉकआउट खरे होते, ठोसा खरा होता. पण समोरचा पुढे सरकत आला आणि वाइल्डरला मागे रेटत राहिला तर काय होईल, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

आणि याच वाइल्डरची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०१९मध्ये लुईस ऑर्टिझविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तो तिन्ही जजांच्या कार्डावर, म्हणजे गुणपत्रिकेवर, मागे होता. सातव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला आणि लढत संपली. असा ठोसा ज्याच्या हातात आहे त्याच्या नॉकआउटच्या रकान्यात शून्य कधीच लिहायचं नाही, तो कितीही मागे पडलेला असो.

मी स्वतः शेवटच्या चार-पाच लढती पूर्ण बघतो, क्लिप नाही. बॉक्सर अडचणीत कधी आला, आल्यावर त्याने काय केलं, सहाव्या फेरीनंतर त्याचे हात किती खाली आले, एवढ्याच गोष्टी टिपतो. क्लिपमध्ये फक्त शेवट दिसतो, त्याआधी दहा मिनिटं काय चाललं होतं ते दिसत नाही.

‘अ’ने ‘ब’ला धुतलं, ‘ब’ने ‘क’ला हरवलं. मग ‘अ’ ‘क’ला हरवणारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. जो फ्रेझरने १९७१मध्ये मुहम्मद अलीला हरवलं. केन नॉर्टनने १९७३मध्ये अलीचा जबडा मोडला आणि त्याला हरवलं. जॉर्ज फोरमनने या दोघांनाही प्रत्येकी दुसऱ्या फेरीतच संपवलं, फ्रेझरला जानेवारी १९७३मध्ये आणि नॉर्टनला मार्च १९७४मध्ये. या हिशेबाने ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात अलीचा चुराडा व्हायला हवा होता. अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं.

कारण शैलीत होतं. फ्रेझर वाकून पुढे येणारा, फोरमनच्या अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, थेट वाटेत. अलीचे हात लांब, ठोसे पचवायची ताकद अफाट, आणि दोऱ्यांना टेकून फोरमनला दमवायचं धाडस त्याच्याकडे होतं. ज्यांना तालमीचा नाद आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एका पैलवानाचा हुकमी डाव दुसऱ्या जोडीदारावर लागतच नाही, हे त्यांनी फडात कितीदा पाहिलेलं असतं.

उंची आणि हातांची लांबी किती महत्त्वाची?

महत्त्वाची आहे, पण ती वापरता येत असेल तर. रीच म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर. बस्टर डग्लसचा रीच ८३ इंच होता आणि माइक टायसनचा ७१. फेब्रुवारी १९९०मध्ये टोकियोत डग्लसने ते बारा इंच रात्रभर वापरले. जॅब, त्यामागे लगेच उजवा, आणि टायसन आत शिरला की पकड.

याच्या अगदी उलट उदाहरण ओलेक्सांद्र उसिकचं आहे. उंची सहा फूट तीन इंच. समोर सहा फूट नऊ इंचांचा फ्युरी, वजनातही साधारण १७ किलोंनी जास्त. मे २०२४मध्ये रियाधला उसिक जिंकला, आणि डिसेंबरच्या फेरलढतीत फ्युरीने आणखी वजन वाढवूनही पुन्हा उसिकच जिंकला. त्याचे पाय थांबत नाहीत. उंच माणसाला ठोसा मारायला क्षणभर स्थिर उभं राहावं लागतं, आणि तो स्थिर झाला की उसिक तिथे नसतो.

उसिक डावखुरा आहे. त्याने काय फरक पडतो?

बराच पडतो. डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात, त्यामुळे ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला राहतो त्याचा मागचा हात सरळ वाटेने जातो. उजव्या बॉक्सरला सरावात डावखुरे कमी भेटतात, डावखुऱ्याला मात्र उजवे रोज भेटतात. अंदाज लिहायच्या आधी एवढंच शोधा: उजव्या बॉक्सरने याआधी चांगल्या दर्जाच्या डावखुऱ्याशी किती लढती केल्यात आणि तयारीत डावखुरे स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावाच्या लढतीतले जोडीदार, आणलेत का. पायांकडे बघायची सवय लागली की पहिल्या दोन फेऱ्यांत पुष्कळ कळतं.

वजनाच्या दिवशी काय बघायचं?

माझ्या मते लढतीआधीच्या आठवड्यातली ही सगळ्यात कामाची बातमी आहे. हेवीवेट म्हणजे २०० पाउंडांच्या वर, साधारण ९०.७ किलो. वर मर्यादा नाही. हलक्या गटांत बॉक्सर वजन उतरवून काट्यावर चढतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत भरून काढतात, त्यामुळे तिथला आकडा फसवा असतो. हेवीवेटला कोणी काही उतरवायला लावत नाही. जो आकडा येतो तो त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकाने निवडलेला असतो, किंवा त्याच्या निष्काळजीपणातून आलेला असतो. दोन्हींतून माहिती मिळते.

फ्युरी वाइल्डरविरुद्ध पहिल्या लढतीत २५६.५ पाउंड होता, दुसऱ्या वेळी २७३. या वेळी तो पळणार नाही, पुढे जाऊन भार टाकणार, हे काट्यानेच सांगितलं होतं आणि तसंच झालं. अँडी रुईझने जून २०१९मध्ये अँथनी जोशुआला हरवलं तेव्हा तो २६८ पाउंड होता. सहा महिन्यांनी फेरलढतीला २८३.५ पाउंड भरला, आणि २३७ पाउंडांवर उतरलेल्या जोशुआने त्याला बारा फेऱ्या फिरवत सहज गुणांवर हरवलं. डग्लसचंही तसंच. टायसनला हरवताना २३१.५, आठ महिन्यांनी इव्हँडर होलीफिल्डसमोर २४६, आणि तिसऱ्या फेरीत खेळ आटोपला.

पण सडसडीत शरीर म्हणजे तयारी असं समजू नका. ऑक्टोबर १९८०मध्ये ३८ वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर २१७.५ पाउंडांवर आला, केस काळे, पोट आत, बघणाऱ्यांना वाटलं जुना अली परतला. ते वजन थायरॉइडच्या औषधाने उतरलेलं होतं आणि अंगात त्राण नव्हतं. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी लढत थांबवली. आजही ती लढत बघवत नाही.

वय झालेल्या बॉक्सरला किती टक्के कापायचे?

हेवीवेटमध्ये ठोसा सगळ्यात शेवटी जातो. आधी पाय जातात, मग प्रतिक्षिप्त क्रिया. जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा असताना, ५ नोव्हेंबर १९९४ला मायकल मूररविरुद्ध तिन्ही कार्डांवर मागे होता आणि दहाव्या फेरीत एका छोट्याशा उजव्या ठोशावर विश्वविजेता झाला. म्हणून वय वाढलं की मी गुणांवर जिंकण्याचा रकाना कापतो, नॉकआउटचा फारसा नाही.

वयापेक्षा अंगावर घेतलेला मार जास्त मोजा. नुकताच वाईट नॉकआउट झालेला बॉक्सर घाईने परत आला असेल तर माझा हात त्याच्या विरुद्ध आकडे लिहितो, आणि मला ते लिहिताना वाईट वाटतं. बारा फेऱ्यांची मर्यादाही अशाच दुःखातून आलेली आहे. १९८२मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीतल्या माराने गेला, त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती हळूहळू बंद झाल्या.

तयारीचे व्हिडिओ आणि पत्रकार परिषदेतली भाषा मनावर घ्यावी का?

घेऊ नये. सगळेच म्हणतात की आयुष्यातली सर्वोत्तम तयारी झाली आहे. त्यापेक्षा बॉक्सर लढतीच्या गावी केव्हा पोहोचला ते बघा. एप्रिल २००१मध्ये लेनॉक्स लुईसची हसीम रहमानशी लढत जोहान्सबर्गजवळ होती. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटरवर आहे, आपलं पुणे साधारण ५६०वर. रहमान बराच आधी जाऊन तिथल्या विरळ हवेला सरावला. लुईस उशिरा गेला, वजन २५३.५ पाउंड. तोंड उघडं टाकून श्वास घेत होता आणि पाचव्या फेरीत एका उजव्या ठोशावर पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नीट तयारी करून, त्याने रहमानला चौथ्या फेरीत संपवलं. माणसं तीच होती, शैली तीच होती.

गुणांवर निकाल गेला तर जज काय बघतात? त्यांचा अंदाज कसा बांधायचा?

तीन जज असतात, प्रत्येक फेरी वेगळी मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि खाली पडला असेल तर ८. स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरचा ताबा या गोष्टी बघतात. व्यवहारात स्वच्छ ठोसे आणि आक्रमण यांत कोणाला कशाचं वजन जास्त वाटतं, यावर जवळच्या फेऱ्या इकडेतिकडे होतात.

एका गुणाची किंमत मे २०२४च्या उसिक-फ्युरी लढतीत कळली. कार्डं होती ११५-११२ आणि ११४-११३ उसिककडे, ११४-११३ फ्युरीकडे. नवव्या फेरीत फ्युरी पडल्याचं धरलं गेलं आणि त्याला आठच गुण मिळाले. ती फेरी उसिकने साधी १०-९ अशी जिंकली असती तर निकाल बरोबरीत गेला असता.

आणि कधी कधी जजांचं काहीच समजत नाही. मार्च १९९९मध्ये न्यूयॉर्कला लुईस विरुद्ध होलीफिल्ड या लढतीत एका जजने ११५-११३ होलीफिल्डला दिले, दुसऱ्याने ११६-११३ लुईसला, तिसऱ्याने ११५-११५. बघणाऱ्या बहुतेकांना लुईस स्पष्ट जिंकलेला दिसला होता. म्हणून बरोबरीच्या रकान्यात दोन-तीन टक्के तरी ठेवाच.

एखाद्याचं पारडं फारच जड असेल तर ९९ टक्के लिहावं का?

टोकियोत टायसनसमोर डग्लसचा सट्टेबाजांकडचा भाव ४२ ला १ होता, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्याची आई गेली होती. आठव्या फेरीच्या शेवटी टायसनने त्याला खाली पाडलं, तो उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला नॉकआउट केलं. जोशुआ-रुईझ लढतीत रुईझ हा आयत्या वेळी बदली आलेला माणूस होता, मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे. तिसऱ्या फेरीत आधी तोच पडला, आणि मग त्याने जोशुआला चार वेळा पाडलं.

शंभर किलोंच्या माणसाचा एक ठोसा बाकीच्या सगळ्या फेऱ्या पुसून टाकतो. म्हणून तोडीस तोड नसलेल्या जोडीतही मी ९० टक्क्यांच्या वर जात नाही. बदली प्रतिस्पर्धी आला असेल तर आवडत्या बॉक्सरचे टक्के वाढवायची घाई करू नका. त्याची सगळी तयारी दुसऱ्याच माणसासाठी झालेली असते.

परदेशी सट्टेबाजांचे भाव अंदाजासाठी वापरता येतात का?

वाचता येतात, तुलनेसाठी उपयोगी आहेत. समजा भाव असे आहेत: पहिला १.४०, दुसरा ३.२०, बरोबरी १७. प्रत्येक आकड्याने १ ला भागा: ७१.४, ३१.३ आणि ५.९ टक्के. बेरीज १०८.६ येते. वरचे साडेआठ टक्के म्हणजे सट्टेबाजाचा नफा. प्रत्येक आकड्याला १०८.६ने भागून शंभराने गुणलं की साधारण ६६, २९ आणि ५ उरतात. आधी आपले टक्के लिहा, मग हे बघा. उलट केलंत तर तुमच्या वहीत सट्टेबाजाचं मत उतरेल. आणि लोकप्रिय बॉक्सरवर चाहत्यांचा पैसा जास्त लागतो, त्यामुळे त्याच्या भावातून निघणारे टक्के थोडे फुगलेले असू शकतात.

मग पैसे लावले तर?

लावू नका. महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. आमच्या वहीत पैशाचा विषय काढला की नाव कमी होतं.

अंदाज बरोबर आला की नाही हे कसं मोजता? ६० टक्के म्हणणारा हरला तर तो चुकला का?

नुसत्या एका लढतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी आम्ही हवामानखात्याच्या लोकांची पद्धत घेतली आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५०मध्ये ती मांडली. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसातून पावसाचा अंदाज निघतो त्या शहरात ही पद्धत शोभून दिसते.

रीत सोपी आहे. पहिला जिंकेल असं ७० टक्के म्हणालात आणि तो जिंकला, तर चूक ०.३०, तिचा वर्ग ०.०९. तो हरला तर चूक ०.७०, वर्ग ०.४९. आकडा जितका लहान तितकं चांगलं. प्रत्येक वेळी ५०-५० लिहिणाऱ्याचे कायम ०.२५ होतात, म्हणजे त्याच्यापेक्षा तुमची सरासरी कमी असेल तरच तुम्हाला काही कळतं. ९५ टक्के लिहून तोंडावर आपटलात तर ०.९०, आणि ते भरून काढायला पुढच्या बऱ्याच लढती जातात. पाच रकान्यांचा हिशेबही असाच, प्रत्येक रकान्यातल्या चुकीचा वर्ग काढून बेरीज करायची.

ऑलिंपिक किंवा आपल्याकडच्या लढतींना हेच नियम लागतात का?

पूर्ण नाही. तिथे तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या आणि पाच जज. दमाचा प्रश्न मागे पडतो, सुरुवात कोण वेगाने करतो हे पुढे येतं. मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि बालेवाडीचं क्रीडासंकुल यांमुळे पुण्यात चांगलं हौशी बॉक्सिंग जवळून बघायला मिळतं. संधी मिळेल तेव्हा रिंगशेजारी बसा. ठोशाचा आवाज ऐकला की पडद्यावर कुठला ठोसा बसला आणि कुठला हातमोज्यावर अडला, हे ओळखायला डोळा तयार होतो.

वजनदार गटात आपली माणसं थोडी, पण मोठ्या मनाची. कौर सिंग १९८०मध्ये दिल्लीत अलीशी प्रदर्शनीय लढत खेळले आणि १९८२च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं. सतीश कुमार टोकियो ऑलिंपिकमध्ये चेहऱ्यावर टाके असताना पुढे सुवर्ण जिंकणाऱ्या उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उभा राहिला. त्या लढतीचा निकाल कोणालाही आधी सांगता आला असता, तरी ती बघायला हवी होती.

लढत आपल्याकडे किती वाजता दिसते?

लास वेगासची शनिवार रात्र म्हणजे पुण्यात रविवारी सकाळी साडेआठ ते दहाच्या सुमारास. लंडन आणि रियाधच्या लढती रविवारी पहाटे तीन-चारला. मुख्य लढतीची वेळ आधीच्या लढतींवर मागेपुढे होते, त्यामुळे अर्धा तास लवकर बसा. अंदाज शनिवारी रात्री दहापर्यंत पोहोचला पाहिजे. वजनाचे आकडे तोवर येऊन गेलेले असतात.

लढत पुढे ढकलली तर लिहिलेला अंदाज तसाच राहतो का?

रद्द होतो. नवी तारीख आल्यावर पुन्हा लिहायचा, आणि का पुढे गेली ते विचारात घेऊन लिहायचा. उसिक-फ्युरी आधी १७ फेब्रुवारी २०२४ला ठरली होती, सरावात फ्युरीच्या डोळ्याच्या वर जखम झाली म्हणून मेमध्ये गेली. तिथली जुनी जखम पुन्हा उघडली तर डॉक्टर लढत थांबवू शकतात. थांबवण्याने लागलेला निकाल आमच्या वहीत नॉकआउटच्याच रकान्यात धरला जातो. फक्त एकच अपवाद आहे: अनवधानाने डोकं आपटून झालेल्या जखमेमुळे लढत थांबली आणि कार्डं मोजली गेली, तर तो निकाल गुणांच्या रकान्यात जातो.